जुन्या स्पोर्ट्स गाडीचं वेड लागलंय? खान्देशात सुरुवात अशी करा

दिवाळी झाली, हवा जरा गार पडली, की धुळ्यातल्या आमच्या अंगणात कुणी ना कुणी पोरगं येऊन उभं राहतं. आमच्या जुन्या पद्मिनी गाडीभोवती दोन चकरा मारतं, बॉनेटवरून हात फिरवतं आणि मग हळूच विचारतं, "काकू, एमजी कुठे मिळेल हो?" कुणाला ट्रायम्फ हवी असते, कुणाला जॅग्वार, सगळ्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या. त्यांची तळमळ मला नीट कळते. आठ वर्षांची असताना रद्दीच्या गठ्ठ्यात मला एका लाल ट्रायम्फ स्पिटफायरचं चित्र सापडलं होतं. ते मी शाळेच्या पत्र्याच्या पेटीत झाकणाला आतून चिकटवलं. आज अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि पेटी अजून माळ्यावर आहे.

वडील कापसाचे अडते. त्यांनी घेतलेली १९७५ची पद्मिनी मी गेली तीस वर्षं सांभाळते आहे. पोरांना अंगणात उभ्याउभ्या सांगून सांगून जे तोंडपाठ झालंय, ते इथे सविस्तर लिहिते. पहिलं वर्ष निभावून नेण्यापुरतं हे पुरेल.

आधी आपल्याला नेमकं काय आवडतं ते बघा

स्पोर्ट्स गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अडीचशेचा वेग येतो. जुन्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. १९४५ ते १९४९ या काळात बनलेली एमजी टीसी घ्या. इंजिन १२५० सीसी, ताकद जेमतेम ५४ हॉर्सपॉवर. आजची साधी घरगुती गाडी तिला सहज मागे टाकेल. तरी जगभरचे लोक तिच्यासाठी जीव टाकतात, कारण ती हलकी आहे, जमिनीलगत बसवते, आणि रस्त्यावरचा खडा न खडा स्टिअरिंगमधून हाताला सांगते. हा आनंद तुम्हाला हवा असेल तर पुढे वाचा. नुसता फोटो काढण्यापुरती गाडी हवी असेल, तर कुणाची तरी तासाभरासाठी मागून घ्या. त्यात काही वाईट नाही आणि पैसे वाचतील.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. त्या इंजिनाचं घराणं १९३७ सालच्या फियाट ११०० पासून सुरू होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीत सिसितालिया नावाच्या छोट्या कंपनीने हेच फियाट ११००चं इंजिन घेतलं, त्याची ताकद वाढवली आणि त्यावर २०२ नावाची स्पोर्ट्स गाडी बांधली. १९४७च्या मिले मिलिया या इटलीतल्या हजार मैलांच्या शर्यतीत नावाजलेले इटालियन शर्यतपटू ताझिओ नुव्होलारी तिच्यात बसले. वय ५४, तब्येत खालावलेली, गाडी उघडी आणि समोर जवळजवळ तिप्पट मोठ्या इंजिनाची आल्फा रोमिओ. धो-धो पावसात पाणी इग्निशनमध्ये शिरलं, तरी ते एकूण स्पर्धेत दुसरे आले. १९५१मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने कलावस्तू म्हणून ज्या आठ मोटारी मांडल्या, त्यांत एक सिसितालिया २०२ होती. पद्मिनी आणि सिसितालिया, दोन्हींच्या इंजिनांत सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. म्हणून गावाकडे कुणी "टॅक्सी घेतली का काकू?" असं विचारलं तरी मला वाईट वाटत नाही. त्या बॉनेटखाली काय आहे ते मला ठाऊक आहे.

खान्देशात कोणती गाडी परवडते आणि टिकते

पहिली गाडी पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. मूळ गाडी एकच, इटलीच्या फियाटची. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही गाडी कुर्ल्यात बनवत असे. १९६४ मध्ये ती डिलाइट म्हणून आली, पुढे प्रेसिडेंट झाली आणि नंतर पद्मिनी. इतकी वर्षं बनल्यामुळे सुटे भाग मिळतात. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. नवा माल आता फारसा बनत नाही, तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दिवसभर फिरलात तर पिशवी भरून परत याल. आम्ही चाळीसगावहून रात्रीची रेल्वे धरतो, सकाळी कुर्ला आणि रात्री परत. दुसरं म्हणजे स्टिअरिंगला गिअरचा दांडा असलेली ही गाडी शिकवते फार छान. तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर अलगद जुळवून घेणारी सोय, नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायला गेलात तर ती जोरात ओरडते. महिन्याभरात तुमचे हातपाय आपोआप शिस्तीत येतात.

मन फारच स्पिटफायरकडे ओढ घेत असेल तर स्टँडर्ड हेरल्ड शोधा. मद्रासला बनत असे. इंग्लंडमधल्या ट्रायम्फ हेरल्डचीच ती भारतीय आवृत्ती. रेखाटन इटलीच्या जोवानी मिकेलोत्तींचं, आणि १९६२ ची स्पिटफायर त्यांनी याच हेरल्डच्या चेसिसवर (खालच्या सांगाड्यावर) उभी केली. म्हणजे माझ्या पेटीतल्या त्या लाल गाडीची सख्खी बहीण धुळ्या-जळगावच्या रस्त्यांवरून धावायची आणि मला ते वीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं! हेरल्डचं पूर्ण तोंड पुढे उघडतं, मडगार्डांसकट. पुढच्या चाकावर बसून इंजिनावर काम करता येतं. चेसिस वेगळी आणि बॉडी तुकड्यातुकड्याने बोल्ट केलेली, त्यामुळे सडलेला भाग सुटा करून दुरुस्त करता येतो. तिची एक खोड मात्र लक्षात ठेवा. मागे स्विंग अॅक्सल आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं आपापल्या दांड्यावर वरखाली झुलतात. वळणावर वेगात असताना घाबरून अॅक्सिलरेटर एकदम सोडलात, तर मागचं चाक आत दुमडल्यासारखं होतं आणि शेपूट बाहेर जाते. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात हलका पाय ठेवायचा.

१९९८ च्या सुमारास आलेली सॅन स्टॉर्म ही आपल्याकडे बनलेली खरीखुरी दोन माणसांची उघडी गाडी. फायबरची बॉडी आणि रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. गंजायचा प्रश्न नाही, पण भाग जमवताना नाकी नऊ येतात. पहिली गाडी म्हणून नको.

आणि एमजी? टीसी फक्त उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची बनली, साधारण दहा हजार, त्यामुळे आपल्या रस्त्यांना ती जन्मतःच जुळते. ब्रिटनमध्ये तिचे भाग आजही नव्याने तयार होतात. पण किंमत आणि मागवायचा खर्च ऐकून घरात आठवडाभर कुणी बोलणार नाही. पाच वर्षं फियाटवर हात बसू द्या, मग बघू.

गाडी बघायला जाताना

इथे घाई केली की पुढची तीन वर्षं निस्तरत बसावं लागतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या भागाचा एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे कोरडी हवा. पारोळा, अमळनेर, शिरपूर, दोंडाईचा इथल्या जुन्या व्यापारी घरांत, जिनिंगच्या शेडमध्ये, वाड्याच्या ओसरीत वीस-वीस वर्षं उभ्या असलेल्या गाड्या अजून सापडतात. रंग उडालेला असतो, सीट उंदरांनी खाल्लेली असते, पण पत्रा शाबूत असतो. याउलट मुंबई किंवा कोकणातून आलेली गाडी वरून चकाकते आणि खालून खारी हवा तिला खाऊन बसलेली असते. माझ्यापुढे चकाकणारी मुंबईची आणि धुळीने माखलेली पारोळ्याची अशा दोन गाड्या ठेवल्या, तर मी डोळे मिटून पारोळ्याची घेईन.

सोबत एक छोटं लोहचुंबक न्या, पातळ कापडात गुंडाळलेलं, म्हणजे रंगाला चरे पडत नाहीत. दाराचा खालचा काठ, दाराखालची लांब पट्टी, चाकांच्या कमानी, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा पत्रा, हेडलाइटभोवतीची कड या सगळ्यांवरून ते फिरवा. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. एकदा एका गाडीच्या डाव्या मडगार्डवर माझं चुंबक वरच्या अंगाला टच्कन चिकटलं, तसंच खाली सरकवत आणलं आणि हेडलाइटच्या खाली तळहाताएवढ्या जागेत टपकन हातात पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. मालक शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "ताई, तिथं बैलगाडी घासली होती." नंतर नखाने टोकरलं तर रंगाखाली बोटभर जाड पुट्टी निघाली.

मग गालिचा उचला. मालकाला राग आला तर येऊ द्या, पण उचला. खालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर सडलंय. जॅक लावायच्या जागा नीट बघा, कारण फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार पेलते. तिथे पत्रा गेला असेल तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडा.

इंजिन गार असतानाच जा. मालकाने तुम्ही यायच्या आधीच गाडी तापवून ठेवली असेल तर मला शंका येते. सुरू केल्यावर सायलेन्सरमागे उभ्या राहा. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खाते आहे, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हगाईड गेले. पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर हेडगॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या पॅकिंगकडे बघा. काळा धूर असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा कार्बोरेटरचं काम असतं. मग पुढचं चाक जॅकवर घेऊन वरून-खालून दोन्ही हातांनी हलवा. खडखडलं तर किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) किंवा बेअरिंग गेलं. किंगपिन बदलता येतं, आपल्याकडे उत्तम लेथवाले आहेत, पण भावात ते धरा.

टायरवर जाड नक्षी आहे म्हणून खूश होऊ नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात इतका जुना टायर दगडासारखा होतो.

कागद

नाव, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसी बुकात आणि गाडीवर एकच आहेत का, हे स्वतः वाचा. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या, पुढे आरटीओतही लागतो. मालक हयात नसतील तर वारसांच्या सह्या आधी, पैसे नंतर. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या जिल्ह्याची असेल तर तिथून फॉर्म २८ ची एनओसी आणा. तीन अक्षरी जुन्या नंबरांच्या गाड्यांची नोंद अनेकदा संगणकावर नसतेच. अशा वेळी मूळ कार्यालयातून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. चार चकरा होतात, चिडू नका, कागदांची फाइल जाड ठेवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरावा लागतो.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची विंटेज म्हणून नोंद होते. नव्याने नोंदणी झाली तर व्हीए अक्षरांची मालिका मिळते, फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण विंटेज नोंदीची गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्याचसाठी रस्त्यावर आणता येते. रविवारी घरच्यांना घेऊन भरीत खायला जायचं असेल, तर साधी नोंदणी चालू ठेवलेली बरी. मी तशीच ठेवली आहे.

घरी आणल्यावर: किल्ली लगेच फिरवू नका

अनेक वर्षं उभी असलेली गाडी ट्रकवर चढवून घरी आली, शेजारीपाजारी जमले, आणि कुणीतरी म्हणतं, "मार सेल्फ!" नका मारू. सिलिंडरमध्ये गंज धरलेला असतो आणि रिंगा चिकटलेल्या असतात. त्या क्षणी जोर लावला तर चांगलं इंजिन वाया जातं.

चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस वाट बघा. मग प्लग बाहेरच ठेवून गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि दोघांनी मिळून हळूच मागेपुढे ढकला. इंजिन फिरलं की पंखा हलतो. आमची गाडी वडिलांच्या आजारपणात सहा वर्षं उभी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पंख्याचं पातं पहिल्यांदा चार बोटं सरकलं. मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने पातं पुसलं आणि "चहा सांगा" म्हणाले.

पुढची कामं अशी. जुनं ऑइल काढून नवं २०डब्ल्यू-५० भरा. जुनं पेट्रोल वार्निशसारखा वास मारतं, ते सगळं काढा, टाकी उतरवून धुऊन घ्या. टाकीला भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, त्यांचे व्हील सिलिंडर आणि रबरी वाट्या नव्या घाला, जुन्या कितीही चांगल्या दिसोत. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग फुगून येतो. सगळं झाल्यावर कॉइलची मधली वायर काढून ठेवा आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारा. दिवा विझला की वायर लावा. आता मारा सेल्फ, आणि बोलवा शेजाऱ्यांना. अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा, तो पुढेही कायम गाडीत ठेवा.

ऊन, पाणी आणि पेट्रोल

जळगाव-भुसावळचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या पुढे. इटलीतल्या गाडीला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे इथली काळजी इथल्यांनीच घ्यायची.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपलं पाणी जड आहे. घरातल्या पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि गाडी तापू लागते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला. काही मिस्त्री "आपल्याकडे ऊन आहे, थर्मोस्टॅट कशाला?" म्हणून इंजिन नीट तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप काढून टाकतात. काढू देऊ नका. डिसेंबरात धुळ्यात पहाटे हात गारठतात, तेव्हा थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन तासभर तापतच नाही आणि आतून झिजत राहतं. रेडिएटर साफ, पंख्याचा पट्टा ताणलेला, झाकणाचं रबर चांगलं असेल, तर थर्मोस्टॅटसकट गाडी उन्हाळा काढते.

उन्हात भर रस्त्यात गाडी बंद पडली, सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, तर बहुतेक वेळा व्हेपर लॉक असतो. पेट्रोलपंप इंजिनाला चिकटून बसलेला असतो, तो तापतो, पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. बॉनेट उघडा, पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, पंधरा मिनिटं सावलीत बसा. मी डिकीत जुनं धोतराचं फडकं आणि पाण्याचा कॅन कायम ठेवते. पंपाखाली उष्णता अडवणारा जाड तुकडा असतो, तो दुरुस्तीत हरवत नाही ना, एवढं बघा.

आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, चिरा पाडतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची वॉशर इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. दर आठवड्याला नळ्यांवरून बोट फिरवा. बोटाला काळं लागलं की नळी बदला, उद्यावर टाकू नका. गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडणं ही या छंदातली सगळ्यात धोकादायक गोष्ट आहे.

मिस्त्री

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या ट्रकवर काम केलेले मिस्त्री, कमानपाटे बनवणारे, रेडिएटरवाले, लेथवाले इथे आहेत. त्यांच्यासारखी कला मोठ्या शहरातल्या काचेच्या शोरूममध्ये मिळत नाही. साठीच्या पुढचे मिस्त्री शोधा, ज्यांनी पॉइंट (प्लगला ठिणगी कधी मिळेल ते ठरवणारा स्विच) आणि कार्बोरेटर हाताने लावले आहेत. त्यांना "भो, जरा बघ" म्हणत अंगावर जाऊ नका. बसा, चहा घ्या, आधी ऐका. आमचे मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून "कशी शे गाडी" ते सांगतात, मला अजून तेवढं जमत नाही.

पण एक काम स्वतः शिका, पॉइंट सेट करणं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली की आत पॉइंटचे दोन छोटे धातूचे ओठ दिसतात. इंजिन हाताने हळूहळू फिरवा. मधल्या दांड्याचा उंचवटा आला की ते ओठ सगळ्यात जास्त उघडतात. तिथेच थांबायचं. मग त्या फटीत फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या साधनाचं) पान घालायचं, माप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे. पान सरकताना किंचित अडखळलं पाहिजे, लोण्यातून सुरी जावी तसं सैल नको आणि ओढावं लागेल इतकं घट्टही नको. ओठांवर खड्डा पडला असेल तर बारीक पॉलिशपेपरने साफ करा. मिस्त्रींनी एकदा पिंपळनेरच्या रस्त्यावर फीलर गेज नसताना आगपेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा घालून फट लावली आणि आम्ही घरी पोचलो. हे शिकल्यापासून गाडी बंद पडली की मला रडू येत नाही.

एक कटू अनुभव सांगते. पंधरा वर्षांपूर्वी मी हौसेने गाडी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजमध्ये रंगवायला दिली. आठ महिने ठेवली, आरशासारखी करून दिली. दुसऱ्या पावसाळ्यात दारांच्या कडेला फोड आले. खरवडलं तर गंज तसाच ठेवून वरून पुट्टी आणि रंग मारला होता. तेव्हापासून रंगकाम आपल्या गावात करून घेते, दर आठवड्याला स्वतः जाते, आणि पत्रा उघडा असताना, प्राइमर मारल्यावर, रंगाआधी असे फोटो काढते. तुम्हीही काढा. आणि गाडीला जितके पैसे मोजले तितकेच पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा.

पहिले रस्ते

पहिले पंधरा दिवस घरापासून वीस किलोमीटरच्या आत. पहाटे निघा, उन्हं चढायच्या आत परत या. धुळ्यातल्यांना लळिंगचा घाट छान. किल्ला बाजूला ठेवून चढा, तापमानाच्या काट्यावर लक्ष असू द्या. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ड्रमचे ब्रेक सतत दाबले की तापून पकड सोडतात. जळगावकरांनी यावल-फैजपूर-रावेर हा केळीच्या बागांतून जाणारा रस्ता घ्यावा, पुढे पालपर्यंत. चाळीसगावहून पाटणादेवी सोपं आहे. कन्नडच्या घाटात पावसाळ्यात दरडी येतात, जुनी गाडी घेऊन तेव्हा जाऊ नका. तोरणमाळचा सात पायरी घाट दुसऱ्या हिवाळ्यासाठी राखून ठेवा, ब्रेक आणि कूलिंगवर पूर्ण भरवसा बसल्यावर.

हिवाळ्यात एकदा जळगाव किंवा नंदुरबारहून नवजीवन एक्सप्रेसने अहमदाबादला जा आणि कठवाड्याचा ऑटो वर्ल्ड संग्रह बघा. प्राणलाल भोगीलालांनी जमवलेल्या गाड्या आहेत. दोन तासांत भागत नाही, पूर्ण दिवस ठेवा.

डिकीत फॅनबेल्ट, एक पॉइंट, एक कंडेन्सर, दोन प्लग, फ्यूज, पेट्रोलनळीचा हातभर तुकडा, क्लिपा, तार, पाना-पेचकस, फडकं आणि पाणी एवढं असावं.

आणि एक वही. माझी दुसरी शंभर पानी वही चालू आहे. तारीख, किलोमीटर, किती पेट्रोल, किती ऑइल, काय आवाज आला, काय बदललं, कुठून आणलं आणि कितीला. वडिलांच्या वहीत १९८१ सालची नोंद आहे: "साक्री. काटा वर. पट्टा सैल होता." मागच्या मे महिन्यात साक्रीच्याच रस्त्यावर काटा वर गेला, तेव्हा मी रेडिएटरकडे वळायच्या आधी पट्टा दाबून बघितला. सैल होता.